तिसरा झटका

दादा, दहा दिवस झाले, मी कुणाशी धड भांडले नाही. घरात सगळे माझ्याशी मऊ मऊ बोलतात. तुझा किशोर तर चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी देतो, जणू मीच आजारी आहे. मला असलं सोसत नाही, तुला ठाऊक आहे. आज सकाळी राजघाटावर तुझा दहावा झाला, अस्थी तापीत गेल्या, आणि तिथं काय घडलं ते तुला सांगायला मी बसलेय. पण एकदम तिथं उडी मारली तर मधलं बरंच राहून जाईल, आणि मधलंच मला जास्त टोचतंय. तेव्हा ऐक. उजवा कान इकडे कर.

पेपरात तुझ्यावर चार ओळी आल्या होत्या. विहिरीत पडलेल्या मोटरी काढणारे शहरातले जुने पाणबुडे, मागे पत्नी, मुलगा आणि एक बहीण असा परिवार. एक बहीण! सतरा वर्षं तुझा दोर धरला मी, आणि पेपरवाल्यानं मला शेवटी कोपऱ्यात बसवलं. तू वाचलं असतंस तर पोट धरून हसला असतास. "नले, दोर धरनाऱ्याचं नाव कुठंच नसतं वं," म्हणाला असतास. मी म्हटलं असतं, मग तू कशाला आहेस, जा ना, सांग त्यांना. झालं, तिथून आपलं सुरू झालं असतं आणि वहिनींनी आतून ओरडून दोघांना गप्प केलं असतं.

आप्पांचे हात थरथरायला लागले तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि तू अठराचा. आपल्या आप्पांनी तापीच्या दोन्ही काठांवरच्या कितीतरी विहिरींचे तळ हातांनी चाचपले होते. केळीच्या बागेतल्या विहिरी खोल. मोटरीची साखळी तुटली की मोटर तळाला, आणि उन्हाळ्यात चार दिवस पाणी थांबलं की बाग मान टाकते. मग शेतकरी धापा टाकत लोधीपुऱ्यात आपल्या दारी. तू कमरेला दोर बांधायचास, एक दम भरायचास, खाली जाऊन मोटरीला आकडा अडकवायचास आणि वर यायचास. आप्पांच्या जागी दोर कुणी धरायचा, हा प्रश्न आला तेव्हा काका म्हणाले, मी धरतो. तू म्हणालास, "नको, तुमी बोलत बसता. नलीले आना."

फ्रॉक घातलेली मुलगी विहिरीच्या काठावर दोर धरून उभी, लोकांना तमाशाच वाटायचा. एकानं तुला तोंडावर विचारलं, पोरगी आहे, हातातून सुटला तर? तू पाण्यात पाय सोडून बसला होतास. म्हणालास, "सुटला तं मी मरीन. तुमचं काय जातं?" त्या दिवशी दोर इतका घट्ट धरला होता की संध्याकाळी मला भाकरी मोडता येईना. तू मोडून दिलीस.

आप्पांचे नियम मी अजून झोपेत म्हणू शकते. एक झटका म्हणजे मी ठीक आहे. दोन झटके म्हणजे दोर सोड, मला पुढं जायचंय. तीन म्हणजे ओढ. खालून जेवढे झटके येतील तेवढेच वरून परत द्यायचे, म्हणजे खालच्याला कळतं की वरच्याला कळलं. उत्तर आल्याशिवाय खालच्यानं पुढं सरकायचं नाही. तीनदा विचारूनही उत्तर आलं नाही तर काम तसंच टाकून वर यायचं. आणि एक नियम पाण्याच्या बाहेरचा होता. मनात राग ठेवून दोर धरायचा नाही. म्हणून पाण्यात उतरण्याआधी उतरणाऱ्यानं विचारायचं, "मिटलं का?" आणि दोर धरणाऱ्यानं म्हणायचं, "मिटलं." भांडण झालेलं असो वा नसो, विचारायचंच. आप्पा आणि काका तर एकमेकांशी सहा महिने बोलत नव्हते, तेव्हाही विहिरीवर एवढे दोन शब्द बोलायचे आणि परत घरी येऊन तोंडं फिरवायचे.

आपण दोघांनी हे किती वेळा म्हटलं असेल! आपली भांडणं तर रोजचीच. मी तुझा शर्ट इस्त्री करताना जाळला, तू माझी वही विहिरीत पाडलीस, तू रेडिओ मोठ्यानं लावलास. पाण्याच्या काठावर आलो की तू नाक वर करून विचारायचास, मिटलं का, आणि मला हसू फुटायचं. हसू आलं की मिटलेलंच असायचं.

एकदाच हसू आलं नव्हतं. मी एकवीस वर्षांची होते. जैनाबादच्या स्थळाला तू आणि आप्पांनी मला न विचारता होकार दिला होता, आणि मला बी.एड. करायचं होतं. सकाळभर मी तुझ्याशी भांडले. आप्पांना उलट बोलता येत नव्हतं, म्हणून सगळं तुझ्यावर काढलं. त्याच दुपारी नदीपलीकडच्या एका विहिरीवर बोलावणं आलं. त्या विहिरीत तळाशी एका अंगाला कपार होती, खडकात आडवी आत गेलेली, आणि मोटर घसरत घसरत त्या कपारीत शिरली होती. तोवर तू पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची नळी तोंडात धरून उतरायला लागला होतास, त्यामुळे जास्त वेळ खाली राहता यायचं. काठावर तू विचारलंस, "मिटलं का?" मी म्हटलं, "मिटलं." तू उतरलास.

पुढचं सगळ्या बऱ्हाणपूरला माहीत आहे. कपारीत गाळ उठला, तुला हात दिसेना, नळी अडकली. तू तीन झटके दिलेस. मला दोनच आले, असं मी सांगितलं, आणि मी दोर सोडला. तू दोराला धरून बाहेर यायला बघतोस तर दोर हातात ढिला येत गेला. शेवटी नळी टाकून, खडक चाचपत, छातीतल्या उरलेल्या हवेवर तू वर आलास. डावा कान कपारीच्या दगडावर आपटला होता, त्यातून रक्त येत होतं. तो कान गेला तो गेलाच. तू काठावर पालथा पडून खोकत होतास आणि सगळे माझ्याकडे बघत होते. पहिलं वाक्य तू काय बोललास आठवतं? "माझीच चूक हाय. घाई केली मी."

त्यानंतर चार दिवसांनी, कानाला पट्टी बांधून, तू एकटा जैनाबादला गेलास आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना सांगून आलास की मुलगी आधी बी.एड. करेल, मग शाळेत शिकवेल, जमत असेल तर बघा. मला हे सासूबाईंकडून कळलं, लग्नानंतर सहा वर्षांनी. मी पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं ते तुझ्या त्या पट्टीच्या जिवावर. हे मी तुला कधी म्हटलं नाही. म्हणायला गेले की तू काहीतरी चिडवायचास आणि भांडण व्हायचं.

लग्नानंतरही दर रविवारी मी पूल ओलांडून यायचे आणि दोर धरायचे, विकास पोटात असताना सातव्या महिन्यापर्यंत. तो झाला तेव्हा तूच म्हणालास, आता बस. मग तुझा दोर वहिनींनी धरला, पुढं किशोरनं. त्या दोघांनाही तू विचारायचास ना, मिटलं का? विचारायचास. वहिनी म्हणतात, आमचं काही भांडणच नसायचं तरी विचारायचे, मला राग यायचा.

मग ते थायलंडच्या गुहेत पोरं अडकली तेव्हाचं. तू उतरणं केव्हाच बंद केलं होतंस. आठवडाभर टीव्हीसमोरून हललास नाहीस. जेवण तिथंच, औषध तिथंच. गढूळ पाण्यातून दोराला धरून पोरं बाहेर आणली तेव्हा तू ढसाढसा रडलास, आणि दुसऱ्या दिवशी दोनशे पानी रजिस्टर घेऊन पूल ओलांडून माझ्या दारात हजर. "नले, हे लोक कवापासून असे गुहेत उतरून राह्यले? तुले इंग्रजी येतं. वाचून सांग मले. मी सांगतो तसं लिही." रजिस्टरवर तू स्वतःच्या अक्षरात लिहिलंस, पाण्यातल्या गुहांची गोष्ट. दहावी नापास माणूस इतिहास लिहायला निघाला म्हणून मी हसले. मग पुढची कित्येक वर्षं दर गुरुवारी आपण तेच करत बसलो.

तुला पहिल्याच दिवशी वाचनात एक फ्रान्समधला माणूस भेटला. डोंगराखाली शिरणाऱ्या ओढ्यात, नुसता एक दम भरून, अंधारात बुडी मारून पलीकडे निघाला. मेणबत्ती आणि काडेपेटी रबरी टोपीत गुंडाळून नेली होती. पलीकडे कोरडी गुहा होती, आणि आत हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी मातीचं अस्वल करून ठेवलेलं. मला त्या अस्वलाचं केवढं कौतुक वाटलं! तू विचारलंस, "त्याचा दोर कोनी धरला होता?" मी परत वाचलं. कुणीच नाही. तू म्हणालास, "शूर हाय, पन मूर्ख हाय. लिही." मी म्हटलं, इतिहासात असं लिहीत नाहीत. तू म्हणालास, "मंग तो इतिहास कायचा?" अर्धा तास वाद. शेवटी मी 'शूर' लिहिलं आणि तू माझ्या हातातून पेन घेऊन पुढं 'पन मूर्ख' लिहिलंस. ते अजून तसंच आहे.

इंग्लंडमधल्या गुहेत तांब्याचं शिरस्त्राण आणि शिशाचे बूट घालून, वरून हातपंपानं हवा घेत जी पहिली मंडळी उतरली, त्यांच्यात एक बाई होती. ते वाचल्यावर तू मला थांबवलंस. "बाई? परत वाच." मी परत वाचलं. "अजून एकदा." मग वहिनींना हाक मारलीस, किशोरला हाक मारलीस, आणि मी इंग्रजीत आणि तू मराठीत असं ते घरभर वाचून झालं. तुला इतकं खूश मी तुझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

आणि कुंडी भंडाऱ्यावरून आपलं जे पेटलं! मी म्हटलं, आपल्या गावात चारशे वर्षांपूर्वी जमिनीखालून पाण्याचं भुयार खोदलं, विहिरीला विहीर जोडली, सुरुवात इथून कर. तू साफ नाही म्हणालास. तिथं माणूस चालत जातो, डोकं पाण्याच्या वर असतं. "डोकं पान्यावर असंल तं ती सहल झाली, नले." मी म्हटलं, खोदणारे काय सहलीला गेले होते? त्यांच्यावर पाणी फुटलं नसेल? हा वाद तसाच राहिला. मला अजूनही वाटतं की माझंच बरोबर होतं, आणि आता तू काही बोलू शकत नाहीस तर जिंकल्यासारखंही वाटत नाही.

ती दुसरी फ्रान्समधली गोष्ट मात्र मी वाचायला नको होती. महायुद्धानंतरची. पाठीला हवेच्या टाक्या लावून दोघे जण एका झऱ्याच्या विवरात खोल उतरले. टाक्या भरताना यंत्राचा स्वतःचाच धूर आत ओढला गेला होता, त्यामुळे खाली दोघांना भोवळ आली. तू मांडीवर थाप मारलीस, "हे तं आपलंच! कॉम्प्रेसर हवेच्या उलट्या अंगाले ठेवला की हेच होते." मी पुढं वाचत गेले. खालच्यानं दोराला झटके दिले, आणि वरच्याला वाटलं की तो आणखी दोर मागतोय. खालचा दोराला धरून वर यायला बघतो आणि वरचा दोर सोडत राहतो. मी वाचता वाचता थांबले. तू खिडकीबाहेर बघत होतास. तसाच म्हणालास, "दोर ढिला असला की तिसरा झटका पोचतच नाई वं. त्याची चूक नाई." माझ्याकडे पाहिलं नाहीस. मी म्हटलं, चहा ठेवते, आणि उठले. गॅससमोर उभी राहिले आणि चहा ठेवायचाच विसरले.

अमेरिकेतल्या गुहांमध्ये माणसं पटापट मरत होती, तेव्हा त्यांच्यातल्याच एकानं कोण कसं मेलं ते सगळं मांडून बघितलं आणि नियम काढले. गुहेच्या तोंडापासून आतपर्यंत दोर सलग हवा. आणि हवेचे तीन भाग करायचे. एक भाग आत जायला, एक परत यायला, एक राखून ठेवायचा, जोडीदाराची हवा संपली तर त्याच्यासाठी. पहिला भाग संपला की समोर काहीही दिसो, वळायचं. हे ऐकून तू म्हणालास, आप्पांचाच माणूस आहे हा. मग आफ्रिकेतल्या एका खोल, पाण्यानं भरलेल्या विवराची गोष्ट आली. एक पोरगा तळाशी राहिला, दहाएक वर्षांनी दुसरा त्याला आणायला गेला आणि तोही राहिला. मग काही दिवसांनी वरच्यांनी उरलेलं सामान काढायला दोर ओढला, तर त्या दोराबरोबर दोघंही वर आले. तू रजिस्टर बंद केलंस. म्हणालास, "ज्यांनी दोर ओढला त्यांची नावं शोध. शेवटचं प्रकरन दोर धरनाऱ्यांचं राहीन. ते तू लिही, मी नाई सांगनार." ते पान कोरंच आहे.

मग तुला दम लागायला लागला. आयुष्यात कधी बिडी ओढली नाहीस, आणि फुप्फुसं वाळून चालली होती. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, अॅडमिट करा, मशीन लावून बघू, काही महिने मिळतील कदाचित. मी हो म्हणून टाकलं. तू नाही म्हणालास आणि सरळ लोधीपुऱ्यात परत आलास. मी तुझ्या खाटेशी उभी राहून ओरडले. तू दम घेत घेत म्हणालास, "नले, जायचा भाग संपला, यायचाबी संपला. तिसरा भाग माझा नाई. तो तुमचा हाय. किशोरच्या आईचा, किशोरचा, तुझा. तो मले घरात तुमच्यासंगं घालवू दे. मशीनमंधी नको."

इतकं शहाणपणाचं बोललास आणि माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, तुझा इतिहास घाल चुलीत. रजिस्टर तुझ्या पायांवर फेकलं. आणि वर म्हटलं, "जा तुला जायचं तिथं. मी दोर धरणार नाही आता." वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर हात धरला. मी चप्पल घातली आणि जैनाबादला निघून गेले.

आठ दिवस पूल ओलांडला नाही मी. आठ दिवस, दादा. तू त्या तिसऱ्या भागातले आठ दिवस माझ्यासाठी ठेवले होतेस आणि मी घरी बसून मेथी निवडत होते. रोज सकाळी वाटायचं, आज किशोरचा फोन येईल, बाबा म्हणतात इंदूरला नेऊन टाका. तू झुकशील म्हणून मी वाट बघत होते. तूही माझी वाट बघत होतास, हे वहिनींनी नंतर सांगितलं. दाराकडे तोंड करून झोपायचास म्हणे, बरा कान वर ठेवून.

रविवारी सकाळी किशोरचा फोन आला, "आत्या, तू ये. लवकर ये." मी पोचले तेव्हा तुझ्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. बोलणं बंद झालं होतं. मी खाटेच्या कडेला बसले. तुझा हात चादरीवरून सरकत आला आणि माझा पदर सापडल्यावर थांबला. मग तू पदराला दोन झटके दिलेस.

मला कळलं. लगेच कळलं. वहिनी म्हणाल्या, त्यांना पाणी हवंय का? मी म्हटलं, माहीत नाही. खोटं बोलले. मी पदर घट्ट धरून बसले आणि उत्तर दिलं नाही. मला वाटलं, उत्तर दिलं नाही तर तू पुढं जाणार नाहीस. नियमच आहे तो. थोड्या वेळानं तू पुन्हा दोन झटके दिलेस. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. दुपारी, किशोर सिलेंडर बदलत असताना, तिसऱ्यांदा दिलेस, अगदी हलके. मी मनात म्हटलं, तीनदा झालं, आता वर ये. तीनदा विचारून उत्तर नाही आलं तर वर यायचं असतं, आप्पांनी सांगितलंय, ये वर!

तू माझ्याकडे बघितलंस. मग पदर सोडलास, आणि त्याला तुझ्या मुठीनं चुण्या पडल्या होत्या त्या बोटांनी सारख्या केल्यास. चारच्या सुमाराला तू गेलास. उत्तर न घेता गेलास, जन्मात पहिल्यांदा. तेव्हापासून मी नुसती तेवढंच घेऊन फिरतेय. तू माझ्याकडे दोर मागितलास आणि मी दिला नाही. वर रुसून बसलेली होते, आणि कुणी विचारलंही नाही, मिटलं का म्हणून. तुझ्या तोंडावर मास्क होता. तू कसा विचारणार?

आता आज सकाळचं. राजघाटावर गर्दी नव्हती. किशोर सोवळं नेसून कमरेइतक्या पाण्यात उभा, गुरुजी पायरीवरून सांगत होते. तुझ्या अस्थी पांढऱ्या फडक्यात बांधल्या होत्या. इतकंसं गाठोडं, दादा, तुझ्याएवढ्या माणसाचं. किशोरनं ते पाण्यात धरलं आणि एकदम मागं वळून म्हणाला, "आत्या, तू ये. तू सोड. बाबांचं तुझ्याकडेच होतं ना सगळं." गुरुजी काहीतरी बोलायला गेले. वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या त्यांना." मी साडी खोचली आणि उतरले. गुडघे कुरकुरले. तू असतास तर म्हणाला असतास, बुढी झाली वं तू.

गाठोडं पाण्यात होतं आणि फडक्याचं टोक माझ्या मुठीत. तापीला ओढ होती आज. टोक हिसकल्यासारखं झालं, एकदा, मग परत एकदा. पाण्याचीच ओढ ती. आठवीला विज्ञानही शिकवलंय मी, मला कळतं. पण हातांना ते कसं समजावणार? माझ्या हातांनी मूठ घट्ट केली, खाटेवर केली होती तशीच. किशोर म्हणाला, "सोड आत्या." मी म्हटलं, "थांब रे. विचारायचं राहिलंय." मग मीच मोठ्यानं विचारलं, तुझ्या जागी. "मिटलं का?"

आणि उत्तर देण्याआधी तुला सांगितलं. किशोर शेजारी उभा होता, वहिनी पायरीवर होत्या, दोघांनी ऐकलं, ऐकू दे. दादा, त्या विहिरीवर मी मिटलं म्हणाले ते खोटं होतं. माझ्या मनात तुझ्यावरचा राग नुसता खदखदत होता. आणि तिसरा झटका पोचला होता. माझ्या हातात पोचला होता, दोर ढिला नव्हता. मला कळलं होतं की तीन आहेत, आणि एक क्षण, एकच क्षण, मला वाटलं, राहू दे थोडा वेळ खाली. मग मी दोर सोडला. तुझा कान मी घेतला. चाळीस वर्षं तुझ्या उजव्या बाजूला बसत आले, इतके गुरुवार तुला वाचून दाखवलं, आणि हे सांगितलं नाही. तुला माहीत होतं ना? त्या गुरुवारी खिडकीबाहेर बघत म्हणालास, त्याची चूक नाही, ते मलाच म्हणालास ना?

किशोरनं नुसता माझ्या कोपराखाली हात धरला, पाय घसरू नये म्हणून. पाणी ओढत होतं. मला रडू येत होतं आणि त्यातच, काय सांगू तुला, हसू फुटलं. तुझं ते नाक वर करून विचारणं डोळ्यांसमोर आलं. हसू आलं तेव्हा मी म्हटलं, "मिटलं, दादा."

मग फडक्याच्या टोकाला दोन झटके दिले, सावकाश, मोजून, आणि सोडलं.